मे महिन्यात एकट्याने सेसना घेऊन कोकणात: घाट उतरण्याआधी घाट चढण्याचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचे एक तरुण वैमानिक आहेत. खाजगी वैमानिकाचा परवाना गेल्या वर्षी मिळाला, एकूण ११० तास झालेत. बारामतीच्या विमान शिकवणाऱ्या शाळेची जुनी कार्ब्युरेटरवाली सेसना १७२, चार आसनांचं छोटं विमान, मिळण्यासारखी आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस एकट्याने कोकण किनारा उडत बघायचा, मालवणला आजोळी उतरायचं आणि परत यायचं. जमेल का? आणि आजीला वरून हात दाखवता येईल का?

जमेल. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात नाही. शिवाय मनात धरलाय तेवढा किनाराही पदरात पडणार नाही. मी देशावरून कोकणात विमानं नेतो-आणतो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा परतीचं विचारतो, कारण जाण्याची तयारी सगळ्यांनीच केलेली असते. पहाटे कोल्हापूर सोडलं की सूर्य पाठीशी, हवा काचेसारखी, खाली घाट एकदम तुटतो आणि पुढे नुसती उतरण. हे कोणालाही जमतं. कोकणातून वर येताना मात्र समोर भिंत असते, आणि दुपारनंतर त्या भिंतीचा माथा दिसेलच असं नाही.

माझीच गोष्ट सांगतो. मेचा दुसरा आठवडा होता. चिपीहून, म्हणजे मालवणजवळच्या सिंधुदुर्ग विमानतळावरून, कोल्हापूरला सकाळी निघायचं ठरलं होतं, पण परुळ्यात जेवणाचा आग्रह झाला आणि निघायला अडीच वाजले. कोल्हापूरला फोन केला, तिकडे आभाळ मोकळं. कणकवली ओलांडली तेव्हा मी ४५०० फुटांवर होतो, वर चढत होतो, सगळं ठीक वाटत होतं. मग लक्षात आलं की फोंडा घाटाची कड जिथे दिसायला हवी तिथे नुसता राखाडी पट्टा आहे. ढग माथ्यावर टेकले होते आणि दोन ठिकाणी पावसाचे पडदे खाली आले होते. डोक्यात एकच घोळत होतं, ‘पलीकडे तर मोकळं आहे, दहा मिनिटांचा प्रश्न.’ पलीकडे खरोखरच मोकळं होतं, आणि तेच घातक. दोन्ही बाजूंची हवा चांगली, वाईट फक्त मधली दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत डोंगर. आणखी चार-पाच मिनिटं तसाच पुढे गेलो, ती चार-पाच मिनिटं मला अजून बोचतात. मग वळलो. चिपीला उतरताना समुद्रावरच्या वाऱ्याने सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कडेपाशी विमान असं काही उचललं की पहिला प्रयत्न सोडून पुन्हा फेरी घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला निघालो आणि तोच घाट बघता बघता मागे पडला. एकही हादरा नाही.

तेव्हापासून माझी एक रेघ ठरलेली आहे: कोकण रेल्वेचा रूळ. पूर्वेकडे जाताना रूळ ओलांडायच्या आत मी घाट ओलांडायच्या उंचीवर असलो पाहिजे आणि घाटमाथ्याची कड सलग दिसली पाहिजे. दोन्हींतलं एक जरी नसलं तरी तिथेच वळायचं. रूळ सोडल्यावर विचार करत बसायचं नाही, कारण एकट्याला शेजारून ‘काका, वळूया’ म्हणणारं कोणी नसतं. निर्णय जमिनीवर, कागदावर घेऊन ठेवायचा. वर फक्त तो पाळायचा.

उंचीचं सांगतो. फोंडा, गगनबावडा, आंबोली या पट्ट्यात घाटरस्त्यांचे माथे दोन-सव्वादोन हजार फुटांवर आहेत, पण आजूबाजूचे डोंगर ३००० फुटांच्या वर जातात. तुमच्या दिशेच्या नियमाने पूर्वेकडे येताना ५५०० आणि पश्चिमेकडे जाताना ६५०० घ्या, म्हणजे माथ्यावर दोन हजार फूट हाताशी राहतात. कडेला काटकोनात भिडू नका, तिरके जा, म्हणजे वळायची वेळ आली तर निम्मं वळण आधीच झालेलं असतं. पश्चिमेचा वारा घाटावर आपटून वर चढतो तेव्हा कोकणाच्या बाजूला विमान आपोआप उचललं जातं आणि माणूस खूश होतो. तोच वारा माथा ओलांडून देशावर खाली कोसळतो आणि मघाशी दिलेलं परत घेतो. त्यासाठीच ते दोन हजार फूट.

सकाळच्या परतीत एक अडचण आहे, तीही ऐका. पूर्वेला तोंड, डोळ्यांत सूर्य आणि मध्ये धुरकट थर, त्यामुळे अगदी उजाडता निघालात तर कड दिसतच नाही. सूर्य हातभर वर येऊ द्या. सव्वासात-साडेसात ही माझी वेळ. आणि काहीही झालं तरी दहानंतर मेमध्ये घाटाकडे तोंड करायचं नाही. कोकणातल्या माणसाला वाऱ्याचं घड्याळ माहीत असतं: रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, अकराच्या सुमाराला तो मरतो आणि खारा वारा सुरू होतो, दुपारी जोर धरतो. जुन्या १७२ चा पुस्तकात दाखवलेला आडवा वारा १५ नॉट आहे. ११० तासांच्या वैमानिकाने स्वतःसाठी तो आकडा दहा धरावा.

आता तारीख. कोकणात पावसाचं सरासरी आगमन जूनच्या पहिल्या पंधरवड्यातलं, पण २०२५ साली तो २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला होता. २०२१ साली मेच्या मध्यात तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून वर गेलं. एप्रिलचा दुसरा पंधरवडा किंवा मेचे पहिले आठ-दहा दिवस निवडा. वळीव तेव्हाही येतो, पण बहुधा दुपारनंतर, आणि तोपर्यंत तुम्ही आजीच्या ओसरीवर असायला हवं. सहा दिवसांतला शेवटचा दिवस कागदावर पूर्ण रिकामा ठेवा. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचंय ही गोष्ट जितक्यांना ढगात घेऊन गेली असेल तितक्यांना इंजिनाने नेलं नसेल.

इंधनाचा हिशेब मात्र निराशा करणारा आहे, म्हणून नीट मांडतो. बारामती ते कोल्हापूर साधारण ९६ नॉटिकल मैल, कोल्हापूर ते चिपी ६०. जाऊन-येऊन ३१० धरा. १०० नॉटने तीन तास सहा मिनिटं. राखीव पाऊण तास. तुमच्या विमानात वापरता येण्याजोगं ४० गॅलन, म्हणजे १५० लिटर, आणि तासाला ३२ लिटर जातं म्हटलं तर एकूण चार तास चाळीस मिनिटं. वजाबाकी केली की उरतात पन्नास मिनिटं. त्यातून टॅक्सी आणि चढणीचं जास्तीचं पेट्रोल काढा, किनाऱ्यासाठी राहिला जेमतेम अर्धा तास. अर्ध्या तासात चिपीहून देवगडपर्यंत जाऊन परत येता येतं. जंजिरा, हर्णै, दाभोळ हे सगळं नकाशातच राहतं.

यावर उपाय एकच, वाटेत एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, मिळणं, आणि आपल्याकडे खरी मारामारी तिथेच आहे. इंडियन ऑइलने २०२२ साली वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं देशी एव्हगॅस १०० एलएल बाजारात आणलं खरं, पण ते सापडतं तिथेच जिथे फ्लाइंग स्कूल आहेत. प्रवासी विमानतळावर मिळतं ते एटीएफ, जेटचं इंधन, तुमच्या सेसनाला न चालणारं. तेव्हा निघण्याच्या दोन आठवडे आधी कोल्हापूर आणि वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी फोन करून ‘साठा आहे का’ नको, ‘अमुक तारखेला मला साठ लिटर द्याल का’ असं विचारा. उत्तर ‘बघू’ असलं तर ते ‘नाही’ समजा. शाळेकडे डिझेल इंजिनाचं डायमंड डीए-४० असेल तर प्रश्नच मिटतो, ते एटीएफवर चालतं आणि तासाला वीस-पंचवीस लिटरच पितं. पण तुम्ही सेसनाच नेणार असाल तर इंधन भरताना पंपाजवळ स्वतः उभे राहा. एव्हगॅस निळं असतं. जिथे दिवसभर सगळ्यांना एटीएफच दिलं जातं तिथला माणूस सवयीने तेच घेऊन येईल, त्यात त्याचा दोष नाही.

आता उतरायचं कुठे? कोकणाच्या नकाशावर विमानतळ दिसतात त्यापेक्षा उपयोगाचे कमी आहेत. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची. तिथे सुट्टीवरच्या माणसाने परवानगीशिवाय जायचं नाही, आणि परवानगी गृहीतही धरायची नाही. दाबोळी नौदलाचं. मोपा, म्हणजे मनोहर विमानतळ, जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि चिपीपासून जेमतेम २५ मैल, पण मोठ्या विमानतळावर हँडलिंग एजन्सी, पार्किंग आणि बिलं आली. तुमच्यासाठी चिपीच, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालेलं. अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे, तुम्हाला तिचा पाव भाग पुरे. मात्र आधी लेखी विचारा आणि विमानतळ किती वाजता उघडतो ते नोटॅममध्ये, वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनांत, बघा. छोट्या विमानतळांचे कामाचे तास प्रवासी विमानाच्या वेळेप्रमाणे ठरतात, आणि माझं सगळं ‘दहाच्या आत’ तिथेच अडकतं. वेळ वाढवून मागता येते, पैसे पडतात. हे पैसे द्या. दुसरीकडे वाचवा.

कागद: फ्लाइट प्लॅन किमान तासभर आधी, मग उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक आणि हवाई दलाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक. हे दोन्ही वहीवर लिहून गुडघ्याला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. शिकताना हे सगळं शाळेतला कोणीतरी करत होता, तेव्हा घरी बसून एकदा स्वतः सराव करा. दृश्य नियमांनी उडायचं म्हणजे दृश्यमानता ५ किलोमीटर आणि ढगाचा तळ १५०० फूट ही किमान मर्यादा. मेच्या कोकणात पाच किलोमीटरची दृश्यमानता म्हणजे दुधात पोहणं. मी आठच्या खाली निघत नाही.

किनाऱ्यावर उडताना रेघ नेहमी डाव्या हाताला ठेवा, कारण तुम्ही डावीकडे बसता. दक्षिणेला जाताना थोडे समुद्रावर, उत्तरेला येताना थोडे जमिनीवर. समोरून येणाराही तेच करत असेल तर दोघे आपोआप वेगळ्या बाजूंना राहता. समुद्रावर किती आत? १७२ इंजिन बंद पडल्यावर हजार फुटांत साधारण दीड मैल तरंगते. ३००० फुटांवर असाल तर साडेचार मैल, त्यातले दोनच वापरा. लाइफ जॅकेट मागच्या सीटवर नको, अंगात हवं, आणि फुगवायचं ते बाहेर पडल्यावर. रस्ता चुकणं इथे कठीण आहे. वेंगुर्ल्याचे खडक, सिंधुदुर्ग, देवगडचा दीपस्तंभ, गिर्ये-विजयदुर्गाच्या पवनचक्क्या, वाघोटनची खाडी, एकामागून एक खुणा येत राहतात. रेल्वे धरून उडायचा जुना चावटपणा मात्र इथे चालत नाही. कोकण रेल्वेला ९१ बोगदे आहेत, करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. रूळ बघत गेलात की गाडी डोंगरात आणि तुम्ही डोंगरासमोर.

इंजिनाने दगा दिला तर? वरून सगळ्यात मोहक दिसतो तो सडा. सपाट, उघडा, मैलभर लांब. त्याला भुलू नका. जांभ्याचा खडक, वर चिरेखाणींचे खड्डे, आणि ते खड्डे दुपारच्या उभ्या उन्हात दिसत नाहीत. भाताचे मळे मेमध्ये कोरडे असतात, पण बांध दर वीस पावलांवर. माझी पसंती वाळूला, आणि वाळूतही ओल्या, घट्ट पट्ट्याला, पाण्याला समांतर. सुरूच्या बनाजवळची भुसभुशीत कोरडी वाळू पुढचं चाक गिळते. म्हणून भरती-ओहोटी माहीत हवी. कोळ्यांचा हिशेब तोंडपाठ करा: तिथीचा पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीच्या आसपास सकाळी सहा-सातला पुळण अरुंद असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, त्याच वेळी ओहोटी असल्याने ती सगळ्यात रुंद. मी सहलीच्या तारखा पंचांग बघून ठरवतो म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत.

आता एक गोष्ट जी ऐकून तुम्हीही हसाल: मे महिन्यात बर्फ. तुमच्या इंजिनाला कार्ब्युरेटर आहे. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना आत तापमान इतकं घसरतं की बाहेर २५ अंश आणि हवा ओली असली तरी उतरताना, कमी ताकदीवर, आत बर्फ धरतो. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात शिकलेल्याला हे कधी भेटलेलंच नसतं. किनाऱ्यावर उतरायला सुरुवात करण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढा. थोडी ओढून ठेवू नका.

उन्हाचा दुसरा हिशेब: कोल्हापूरची धावपट्टी सुमारे २००० फुटांवर. तिथे ३६ अंश तापमान म्हणजे विमानाला ती ५००० फुटांवर असल्यासारखी वाटते. चिपीला ३४ अंशांत समुद्राशेजारीही सव्वादोन हजार. एकटे आहात, वजन कमी आहे, टाक्या गच्च भरूनही तुम्ही मर्यादेच्या बरेच खाली असाल, हा एकटेपणाचा एक निखळ फायदा. जमिनीवर उभं असताना मिक्श्चर थोडं बारीक, म्हणजे हवेत पेट्रोल कमी, ठेवा, नाहीतर प्लगवर शिसं बसतं. प्लगवरून आठवलं. १९३० च्या आगाखान बक्षिसाच्या, इंग्लंड-भारत एकट्याने उडण्याच्या, स्पर्धेत वैमानिक ॲस्पी इंजिनिअर इजिप्तमध्ये अबुकीरला प्लगवाचून अडकले होते. समोरून येणाऱ्या जे. आर. डी. टाटांनी त्यांना आपल्याकडचे प्लग दिले, आणि बक्षीस इंजिनिअर घेऊन गेले. तुम्हाला चिपीला जे. आर. डी. भेटणार नाहीत. दोन प्लग आणि पाना सोबत ठेवा.

मुक्कामाचं सामान: दोर, चाकाखाली घालायच्या उटी, कंट्रोल लॉक आणि पिटो नळीचं कव्हर. शेवटचं विसरू नका. कुंभारीण माशीला तेवढंच भोक लागतं, दोन दिवसांत ती त्यात मातीचं घर बांधते, आणि तुम्हाला ते धावपट्टीवर वेगाचा काटा हलला नाही की कळतं. रोज सकाळी टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी तपासा. घरी परतल्यावर विमान गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर शाळेचा मेकॅनिक तुम्हाला पुन्हा किल्ली देणार नाही. सॅटेलाइट मेसेंजर कोणी देऊ केला तर नेऊ नका, परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. घरच्या एका माणसाला पोहोचायची वेळ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लिहून द्या. फोन आला नाही तर किती वाजता तो फिरवायचा हेही लिहा.

आणि उराक, काजूची दारू. एप्रिल-मे हा त्याचा मोसम, आजोळी कोणीतरी बाटली पुढे करणारच. नियम बारा तासांचा आहे. उडायच्या आदल्या दिवशी मी हातही लावत नाही. उकाड्यात शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं.

राहिली आजी. मालवण गाव आहे, दाट वस्ती आहे. आजूबाजूच्या ६०० मीटरमधल्या सर्वांत उंच वस्तूपासून हजार फूट वर राहायचं, हा नियम. तुम्ही १५०० धरा. एकट्याने खाली बघत, घर शोधत, वळणात वेग घालवत बसणं हा अपघाताचा अगदी जुना प्रकार आहे, तेव्हा घिरट्या नाहीत. किनाऱ्याने सरळ जायचं, सिंधुदुर्ग किल्ला बाजूला आला की दोनदा पंख हलवायचे आणि पुढे. फोटोही नाहीत. उडत्या विमानातून फोटो घ्यायला परवानगी लागते, आणि हात तर दोनच आहेत. तुम्हाला १५०० फुटांवरून आजी दिसणार नाही. तिला सांगा, सकाळी सातच्या आधी खळ्यात पांढरी चादर पसरून ठेव. चादर दिसते.